साहेब फिरतीवर असतात

बस अशी. लाईट यायला वेळ लागेल, आणि तू त्या ओल्या चादरींकडे बघत उभी राहिलीस म्हणून काही त्या वाळणार नाहीत. दिवा इकडे सरकव. वात जरा खाली कर, नाहीतर काच काळी होते. हां, आता ठीक आहे.

मघाशी तू मला सहज विचारलंस, "ताई, उद्या खोली बघायला जाणार आहे. एकटी आहे म्हणून सांगू, की नवरा बाहेरगावी असतो म्हणून ठोकून देऊ?" तेव्हा मी काही बोलले नाही. हातात कोणाच्या तरी कोटावरचा शाईचा डाग होता आणि डाग काढताना मी तोंड उघडत नाही, हे तुला एव्हाना कळलं असेल. आता सांगते. घाबरवायला सांगत नाही. खरं तर हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर लोक माझ्याकडे बघतील आणि मग हळूच माझ्या डोक्याकडे बघतील. तू तसं बघू नकोस म्हणजे झालं.

मी बूट घ्यायला गेले होते, तिथून सुरू करते. पुरुषांचे बूट.

माझा घटस्फोट होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो का झाला हे विचारू नकोस. माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं ते तुला माहीत आहेच, तेवढं पुरे. नोकरी ह्याच लॉन्ड्रीत, डाग काढायच्या टेबलावर. फक्त राहायला जागा मिळत नव्हती. पहिल्या घरात मी सरळ खरं सांगितलं. घरवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "एकट्या बाईला देत नाही आम्ही. उगाच भानगड नको." भानगड म्हणजे मी, हे माझ्या लक्षात यायला जिना उतरावा लागला. दुसऱ्या घरातल्या काकांनी मात्र खोली लगेच देऊ केली. किल्ली देताना त्यांनी माझा हात असा काही धरून ठेवला की मी किल्ली तिथंच टाकून पळत सुटले.

तिसऱ्या घरी मालकीणबाईंनी दार उघडलं. गोऱ्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"फिरतीवर असतात," मी म्हणाले.

इतकं अलगद आलं ते तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. मालकीणबाईंचा चेहरा खुलला. "मग काय प्रश्नच नाही! आमचेही तरुणपणी असेच असायचे. घरच्यासारखी राहा गं तू." आणि किल्ली माझ्या हातात आली. एका शब्दानं मी भानगडीची घरची झाले.

आता घरात पुरुष आहे म्हटल्यावर त्याचं काहीतरी दिसायला हवं ना. म्हणून मी बूट घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "साहेबांना सोबत आणलं असतं तर बरं झालं असतं. नंबर काय त्यांचा?"

"नऊ."

पिशवी घेऊन अर्ध्या रस्त्यात आले, तेव्हा पाय थबकले. नऊ नंबर माझ्या आधीच्या नवऱ्याचा. जगात एवढे नंबर पडलेत, सात म्हणता आलं असतं, दहा म्हणता आलं असतं. पण नवरा म्हटलं की माझ्या तोंडात नऊच आलं. मला स्वतःचा राग आला. परत जाऊन बदलून आणावेत असंही वाटलं, पण पाय दुखत होते, आणि शेवटी ते बूट कोण घालणार होतं? मग येता येता एक चौकड्यांचा शर्ट घेतला, राखाडी. दोन्ही वस्तू कोऱ्या करकरीत होत्या. हे मुद्दाम सांगते. नाहीतर तू लगेच म्हणशील, कोणा मेलेल्या माणसाचं काहीतरी घरात आणलं असेल. नाही. त्या शर्टाच्या आत माझ्याआधी कोणी नव्हतं.

खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, मागे न्हाणी, आणि कपडे वाळत घालायला हातभर गॅलरी. जिन्याचा लोखंडी कठडा एका जागी सैल होता. कोणी वर येताना त्याला हात लावला की तो कुरकुरायचा, आणि मला आत बसून कळायचं की कोणीतरी येतंय. मी बूट दाराबाहेर ठेवायचे. दर दोन-चार दिवसांनी त्यांची तोंडं फिरवायचे, कधी एक जरा तिरका ठेवायचे. शर्ट पाण्यातून काढून गॅलरीत टांगायचे. न घातलेला शर्ट मी इतक्या मन लावून धुवायचे, की कोणाची लग्नाची बायकोही धुणार नाही.

आणि सांगते तुला, त्या दोन वस्तूंनी कमाल केली. समोरच्या इमारतीतला एक जण गॅलरीत माझ्या वेळेला येऊन उभा राहायचा, तो यायचा बंद झाला. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बुटांकडे बघून दारातच आवाज खाली आणून बोलला. मालकीणबाई भिशीला बोलवायला आल्या तर मी म्हणायचे, "ह्यांना आवडत नाही हो." रेडिओ ऐकायला खाली ये म्हणाल्या, "ह्यांना मोठा आवाज सहन होत नाही." नको असलेली प्रत्येक गोष्ट मी त्याच्या खांद्यावर टाकायचे. एकदा त्या थट्टेनं म्हणाल्या, "फारच धाक आहे बाई साहेबांचा!" मी हसून म्हणाले, "तापट आहेत जरा. पण मनाने चांगले आहेत."

"पुरुष माणूस तेवढा तापट असायचाच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तू विचारशील, खोटाच नवरा बनवायचा होता तर चांगला का नाही बनवलास? हसरा, बायकोला हाताला धरून फिरायला नेणारा? मीही हे नंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. सुचलाच नाही गं. सुचण्यासाठी आधी कुठेतरी बघितलेला असावा लागतो. मी एकच नवरा बघितला होता, त्यामुळे माझ्या हातून तोच झाला.

एकटेपणाचं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दिवसभर इथे वाफ, मशीनची घरघर, तुम्हा पोरींची बडबड. संध्याकाळी वर जाऊन दार लावलं की एकदम काही नाही. ओट्यावर एक ताट, एक पेला. नवऱ्याच्या घरात भीती होती, पण आवाजही होते; इथे भीती नव्हती आणि आवाजही नव्हता. हे बोलायला लाज वाटते, पण कधीकधी मी जेवताना त्या शर्टाशी बोलायचे. आज कोटाची कॉलर जळली, मालक ओरडले, असं काहीबाही. शर्ट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला असायचा. ऐकून घ्यायचा बिचारा.

एका संध्याकाळी कामावरून आले, तर बुटांची तोंडं आत वळलेली. मालकीणबाईंनी झाडताना हलवले असतील म्हणून मी सोडून दिलं. मग एका सकाळी बूट उचलले तर डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली. चालताना डावीकडे भार टाकणाऱ्या माणसाची झिजते तशी. मी बूट खाली ठेवला. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला असेल, असं मनाशी म्हणाले आणि कामाला निघाले. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो.

पण शर्टाचं कसं पटवणार? तू इथे नवीन आहेस, पण तुलाही आता कॉलर बघून माणूस कळायला लागला असेल. एक दिवस घातलेली कॉलर वेगळी, दोन दिवस घातलेली वेगळी. गॅलरीतून काढलेल्या त्या शर्टाच्या कॉलरला आतून घामाची पिवळट रेघ होती. मी ती नाकाशी नेली. बाहेरच्या धुळीचा वास वेगळा असतो, आणि घामाचा वास वेगळा. मी शर्ट पुन्हा धुतला. घासून घासून धुतला आणि हात लाल होईपर्यंत थांबले नाही.

त्याच आठवड्यात मालकीणबाई जिन्यात भेटल्या. "आले वाटतं साहेब? सांगितलं नाहीस!"

माझ्या हातातली पिशवी जड झाली. "कोण म्हणालं?"

"अगं, वर चालत होते ना दुपारभर. जड पाऊल आहे त्यांचं. मग खाली उतरताना भेटले. किती अदबीनं बोलतात! मान खाली घालून. मी म्हटलं, चहा घ्या, तर म्हणाले, तिला यायला उशीर होतो, मी वाट बघतो."

दुपारभर मी इथे होते, ह्याच टेबलावर. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं तुला वाटत असेल. पण काय बोलू? नवरा नाही म्हटलं तर खोली जाते. कोणी चोर शिरला म्हटलं तर चोर कुठे जिन्यात उभा राहून अदबीनं बोलतो? मी म्हणाले, "हो… आलेत." आणि वर गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कोणी नव्हतं. मी पलंगाखाली बघितलं, न्हाणीत बघितलं, गॅलरीत बघितलं. मग दाराला टेकून बसले आणि मला रडू आलं, कारण त्या बाईला मी पहिल्यांदाच इतकं खुश बघितलं होतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आधीच्या नवऱ्याचा आला. पत्ता काढून आला असेल, दुसरी किल्ली बनवली असेल, त्याला काय अशक्य? मी दादाला फोन केला. दादा त्याच्याच गावात असतो. म्हणाला, "तो कुठला येतोय! पाय मोडून घेतलाय, खाटेवर पडलाय महिनाभर. मी स्वतः बघून आलो." मग त्यानं विचारलं, "का गं? काही त्रास आहे का?" मी म्हणाले, नाही, सहज. म्हणजे जो वर चालत होता, तो तो नव्हता. ज्याला मी ओळखत होते त्याची भीती बरी, गं. त्याला पोलीस असतात, कोर्ट असतं. ह्याच्या विरुद्ध मी कोणाकडे जाणार होते?

मग ती शनिवारची संध्याकाळ.

इथलं मोठं मशीन बिघडलं होतं म्हणून मला निघायला उशीर झाला. उजेड जायला आला होता, पण अगदी गेला नव्हता. भिंतीचा रंग कळत होता, कोपरे कळत नव्हते. मी कुलूप काढलं, आत आले, कडी लावली. खोलीत एक वास होता. ओल्या चामड्याचा, पट्टा भिजला की येतो तसा. शर्ट मी सकाळी गॅलरीत टांगून गेले होते, तो खुर्चीच्या पाठीवर होता. मी जवळ गेले आणि नकळत त्यावर हात ठेवला.

गरम होता.

तुला सांगते, आपण दिवसभर गरम कपडे हाताळतो. इस्त्रीची ऊब कोरडी असते, उन्हाची हलकी असते. ही ऊब ओलसर होती. कोणीतरी नुकत्याच अंगातून काढलेल्या कपड्याची. मी हात काढून घेतला. खाली कुठेतरी भांडी वाजत होती, एक दार लागलं, आणि मग सगळं शांत झालं. तेवढ्यात माझ्या मागे पलंग करकरला… कोणी बसावं तसा. मी वळले नाही. वळायचं नसतं, हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं? सात वर्षं शिकले होते ना मी.

आणि त्या रिकाम्या खोलीत मी म्हणाले, "मशीन बंद पडलं होतं… म्हणून उशीर झाला."

कोणी काही विचारलं नव्हतं गं. कोणी एक शब्द बोललं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं, खालच्या आवाजात, त्याच सुरात. मग घाईघाईनं ओट्याकडे गेले, दिवा न लावता भाजी चिरायला घेतली, कारण ताट वेळेवर नाही झालं तर… तर काय, हे माझ्या हातांना ठाऊक होतं. रेडिओ लावला नाही. चमचा ओट्यावर ठेवताना आवाज होऊ दिला नाही. दोन ताटं वाढली. दोन! घर सोडून आल्यावर मी जे जे टाकून दिलं होतं, ते ते सगळं तासाभरात माझ्या अंगात परत आलं. भीती वाटली ती त्या पलंगावरच्याची नाही वाटली, स्वतःची वाटली. मी इतक्या कष्टानं सुटले होते आणि मला पुन्हा बायको व्हायला संध्याकाळही पुरी लागली नाही.

डोळा कधी लागला ते आठवत नाही. सकाळी न्हाणीत गेले, तर उजव्या दंडावर चार बोटांचे वळ होते. मागे अंगठ्याचा एक. मी माझाच डावा हात त्यावर ठेवून बघितला. माझी बोटं त्या वळांमध्ये मावून वर जागा उरत होती. दाराची कडी आतून लावलेली होती, जशी रात्री लावली तशी.

मी खाली गेले. मालकीणबाई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होत्या. मी म्हणाले, "काकू, काल वरून काही आवाज आला का?"

त्यांनी दोरा दातानं तोडला. माझ्याकडे बघितलं नाही. "आला."

"कसला?"

"नवरा-बायकोत होतं असं कधीकधी. आपण मध्ये पडू नये. मी टीव्हीचा आवाज वाढवला." मग अगदी मायेनं म्हणाल्या, "तू उलट बोलत जाऊ नकोस बाई. फिरतीवरून दमून येतात. थोडं सांभाळून घे."

मला वाटत होतं की त्या म्हणतील, मी काहीच ऐकलं नाही, तुला भास झाला असेल. तसं म्हणाल्या असत्या तर मी डॉक्टरकडे गेले असते, गोळ्या घेतल्या असत्या, सुटले असते. पण त्यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि टीव्हीचा आवाज वाढवला होता.

नंतरच्या दिवसांचं फार सांगत नाही. इथे मला बघून इस्त्रीच्या मावशी म्हणाल्या, "काय गं, पडलीस का?" मी म्हणाले, "पायरीवरून घसरले." किती दिवसांनी म्हटलं ते वाक्य, आणि किती गुळगुळीत आलं. मावशींनी मान डोलावली आणि इस्त्री पुढे सरकवली. त्यांनीही कधीतरी पायऱ्यांवरून घसरून घेतलं असणार, त्यांच्या मान डोलावण्यात ते होतं. मग एका सकाळी ओठ फुटलेला होता, आणि गॅलरीतल्या शर्टाच्या उजव्या कफवर रक्ताचा थेंब होता. रक्ताला गार पाणी लागतं, गरम लावलं की डाग बसतो, हे तुला मी पहिल्याच दिवशी शिकवलं. मी गार पाणी घेतलं, बोटानं चोळायला लागले… आणि थांबले. माझंच रक्त होतं ते. माझंच रक्त मी त्याच्या कफवरून काढत होते, तो बाहेर स्वच्छ दिसावा म्हणून!

मला इतका राग आला की भीतीला बसायला जागाच राहिली नाही. शर्ट तसाच बादलीत टाकला आणि चपला न घालता जिना उतरले.

मालकीणबाई चहात साखर ढवळत होत्या. मी दारातूनच म्हणाले, "काकू, मला नवरा नाही."

"रागाच्या भरात असंच म्हणतो आपण. ये, बस."

"रागात नाही म्हणत. माझा घटस्फोट झालाय. तुमच्याकडे यायच्या आधीच. खोली मिळेना म्हणून खोटं बोलले. वर कोणी राहत नाही. मी एकटी राहते."

त्यांचा चमचा थांबला. "मग काल जिन्यात माझी पिशवी उचलून दिली, ते कोण?"

"मला माहीत नाही."

"आणि हे?" त्यांनी माझ्या ओठाकडे बोट केलं. "हे कोणी केलं मग?"

"तुम्ही सांगा ना. ऐकलंत तुम्ही. मी तर फक्त…"

त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला कुठेतरी वेडी आशा होती की ही बाई आता उठेल, मला जवळ घेईल, म्हणेल की चल, आपण दोघी वर जाऊन बघू. त्यांनी कप बाजूला ठेवला. चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते भीती नव्हती. वर मारणारा माणूस राहतो, ह्याला त्यांच्या घरात जागा होती. वर नवरा नसलेली बाई राहते, ह्याला नव्हती.

"फसवलंस तू मला," त्या म्हणाल्या. "उद्याच्या उद्या खोली रिकामी कर. एकटी बाई मी घरात ठेवत नाही."

मी हसले. ओठ फाटलेला असताना खरंच हसले, आणि तो पुन्हा वाहायला लागला.

त्या दिवशी मी वर झोपले नाही, इथेच, ह्या टेबलावर चादरी अंथरून पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आणला. सामान ते काय, एक गादी, एक पेटी, भांडी. सगळं उचललं, बूट आणि शर्ट तेवढे नाही उचलले. ते माझे नव्हते. खोलीच्या मध्यभागी उभी राहून मोठ्यानं, खालपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला नवरा नाही." काही झालं नाही. भिंती होत्या, खिडकी होती, ऊन होतं. कुलूप लावलं आणि निघाले.

त्यानंतर माझ्या अंगावर कधी काही उमटलं नाही. आता जिथं राहते तिथं दारावर माझं एकटीचं नाव आहे. ती जागा मिळायला फार हिंडावं लागलं, पुष्कळ दारं तोंडावर लागली, आणि संध्याकाळी आत गेलं की अजूनही एकदम काही नसतं. ते 'काही नसणं' मला आता आवडतं, असं खोटं मी सांगणार नाही. पण त्याला मी सरावले आहे. रेडिओ मोठ्यानं लावते. इथेच ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी टेम्पोत बसले आणि लक्षात आलं, किल्ली माझ्याकडेच राहिली. ड्रायव्हरला थांब म्हणाले आणि परत आत शिरले. खालचं दार उघडं होतं, मालकीणबाई घरात नव्हत्या. वरून बोलण्याचा आवाज येत होता. मी जिना चढले, कठड्याला हात न लावता. शेवटच्या वळणावर थांबले.

मालकीणबाई माझ्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. हातात चहाचा कप, वाफ निघत असलेला. दाराबाहेर बूट नव्हते. त्या दाराच्या फळीशी तोंड नेऊन बोलत होत्या, अगदी हळू, रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तशा.

"येईल हो ती," त्या म्हणत होत्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका… जाऊन जाऊन जाणार कुठे?"

दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि त्याची किल्ली माझ्या मुठीत होती. आतून कोणीतरी, समाधान झाल्यासारखं, "हं" म्हणालं.